पुढाऱ्याची सकाळपाळी

माझी नोकरी गेली ती पाण्यावरून. बोईसरच्या ज्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो, तिथल्या पिण्याच्या पाण्यात अळ्या असायच्या. मी पत्रक काढलं. मथळा होता ‘हे पाणी की विष?’ आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. पत्रकाचा परिणाम ताबडतोब झाला. मी बाहेर आलो, अळ्या आत राहिल्या.

याचं मला फार दुःख झालं नाही. अन्याय दिसला की मला तरतरी येते. काही लोकांना चहाने येते तशी. हा स्वभाव आजही तसाच आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझा हृदयपालट वगैरे शोधत बसणार नाही. मी आजही पत्रकं काढतो. आजही ती कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

आमची मंडळी म्हणजे नगर, जालना, सोलापूर भागांतून पोटासाठी इकडे आलेली ख्रिस्ती कुटुंबं. कुणी कापडगिरणीत, कुणी तारेच्या कारखान्यात, कुणी तारापूरला वीज केंद्रात. राहायला बहुतेक सगळे सालवडच्या चाळींत. स्वतःचं चर्च नव्हतं. रविवारी एका शाळेच्या वर्गात उपासना व्हायची. पाळकसाहेब पालघरहून शटल गाडीने यायचे. शटल उशिरा आली की ती येईपर्यंत आम्ही गाणी गात बसायचो, त्यामुळे आमच्या मंडळीला गाणी फार येत.

तरुण संघाचा मी सेक्रेटरी. सेवेबद्दल माझं मत स्पष्ट होतं आणि मी ते न विचारता सांगायचो. सेवा म्हणजे मलमपट्टी. जखम करणारा मोकळा आणि आपण पट्ट्या बांधत बसायचं, हे मला मान्य नव्हतं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर मी संघात भाषण ठोकलं होतं. ‘सत्तेची उतरंड उलथवणारी क्रांतिकारी कृती’ असं मी त्याला म्हणालो. भाषण चांगलं झालं. तोपर्यंत मी दुसऱ्या कुणाचे पाय जवळून पाहिले नव्हते, आणि स्वतःचेसुद्धा आई ओरडली तरच.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आमच्या फिटरकाकांना अर्धांगाचा झटका आला. फिटरकाका मूळचे नगरकडचे. बोईसरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा आलेले. निवृत्त झाले तरी गेले नाहीत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीसमोर कामगार बसलेले असायचे. अमका पंप का गरम होतो, तमका व्हॉल्व्ह का गळतो, यावर काकांचा निकाल घ्यायला. निकालाबरोबर शिव्या फुकट. त्यांना मिशी मोठी होती आणि माणसं ओळखण्याची पद्धत सोपी होती: ज्याला हातोडी धरता येते तो माणूस, ज्याला येत नाही तो पुढारी. मी पुढारी.

झटक्याने उजवी बाजू गेली. जीभ मात्र दवाखान्यातून पूर्ववत होऊन परत आली. नगरला त्यांची थोरली बहीण होती. तिने निरोप पाठवला की भाऊ आता माझ्याकडे येईल, इथे दोन खोल्या आहेत, अंगण आहे. हे ऐकल्यावर काका पाळकसाहेबांना म्हणाले, “मला नेऊ देऊ नका. नगरला मी आजारी असंल. हितं मी फिटर हाय.”

एवढ्यावर पाळकसाहेबांनी नगरला विनंती पाठवली: नाताळ होऊ द्या, मग स्वतः येऊन बघा, नीट चाललेलं नसेल तर खुशाल घेऊन जा. बहीण कबूल झाली. आता नीट चालवायचं होतं आम्हाला.

रविवारी उपासनेनंतर बैठक बसली. आमच्या मंडळीला एकच व्यवस्था कळते, ती म्हणजे पाळी. जो पहिल्या पाळीला जातो तो दुपारनंतर मोकळा, दुसऱ्या पाळीवाला सकाळी, रात्रपाळीवाला झोप झाल्यावर. तसंच काकांचं वाटून घ्यायचं ठरलं. जेवण महिला मंडळाने पाठवायचं. रात्री कुणीतरी खोलीत झोपायला जायचं आणि भोंग्याबरोबर कामावर निघायचं. भराभर हात वर झाले. दुपार भरली, संध्याकाळ भरली, रात्र भरली. सकाळ तेवढी रिकामी राहिली, कारण सकाळ म्हणजे शौचाचं भांडं आणि आंघोळ.

मी उभा राहिलो आणि मुद्दा मांडला. ज्या कारखान्याने या माणसाचं रक्त शोषलं, त्याच कारखान्याने याची जबाबदारी घेतली पाहिजे. आपण ही जबाबदारी उचलली तर मालकाचं फावेल. हा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे.

सगळे ऐकून घेत होते. ख्रिस्ती माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. मी बसल्यावर मागच्या बाकावरून माझी आई म्हणाली, “आमचा सकाळी मोकळाच असतो.”

ठराव एकमताने पास झाला.

पहिल्या दिवशी मी गेलो तो निषेधाच्या भावनेने. काकांनी भिंतीकडे तोंड केलेलं होतं.

“कोण?”

“मी.”

“कोण मी? पुढारी?” काकांनी मान वळवून खात्री करून घेतली. “दुसरं कुणी मिळालं न्हाई का मंडळीला?”

“काका, खरं म्हणजे ही जबाबदारी कारखान्याची आहे.”

“बरं. मग कारखाना येईस्तोवर पाणी ठेव.”

मी स्टोव्ह पेटवला. पिन मारताना पिन मोडली. काकांनी खाटेवरून सूचना दिल्या, त्या छापता येणार नाहीत. पाणी तापलं ते इतकं, की त्यात गार पाणी ओतता ओतता बादली भरून फरशीवर सांडली. मग त्यांना उठवून खुर्चीवर बसवायचं होतं. मी त्यांच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. ते उठले नाहीत. मी त्यांच्यावर पडलो.

शेजारच्या खोलीतली मावशी, उमरोळीचं माहेर असलेली, दारात उभी राहून हे बघत होती. तिचा नवरा गिरणीत, आणि आमच्या मंडळीशी तिचा संबंध भिंतीपुरता. पण काका पडल्यापासून दिवसभर दार ढकलून ‘हाय का नाय’ एवढं बघून जायची.

“काय रं बाबा,” ती म्हणाली, “तू त्यांना उचलतंस का ते तुला उचलतान?”

“मावशी, जरा हात लावता का?”

“मी कशाला? तुमचे देवाचा काम हाय ना? करा तुमी.”

आंघोळ कशीबशी झाली. काकांच्या कानात साबण गेला. सदरा घालताना मी आधी चांगला हात घातला आणि मग लुळा हात बाहीत जाईना. काका म्हणाले, “फाड. फाड आता. उद्या धोतरात डोकं घाल माझं.” शेवटी पायांशी आलो. पाय म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. टाचेच्या भेगा, वाढलेली वाकडी नखं, बोटांच्या मध्ये साचलेला मळ. माझ्या भाषणात यातलं काही नव्हतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं की हे शोषण आहे. आई म्हणाली, “उद्या जाताना खोबरेल घेऊन जा. टाचा मऊ पडतील.”

मी गेलो. का गेलो ते सांगतो. मी गेलो नसतो तर ‘पुढारी पळाला’ असं काका म्हणाले असते, आणि ते मला सहन झालं नसतं. पुष्कळ सेवा अशाच कारणांनी होत असावी. उपदेशात त्यांचा उल्लेख नसतो एवढंच.

मी काकांच्या जागृतीचाही प्रयत्न केला. दाढी करताना माणूस हलू शकत नाही हे लक्षात घेऊन मी त्या वेळात त्यांना पत्रकं वाचून दाखवायचो. एका हातात वस्तरा, एका हातात कागद. काका ओठ न हलवता म्हणायचे, “पुढची ओळ वाचू नको. कापशील.” एकदा मी ‘भांडवलदारांनो, याद राखा’पर्यंत आलो आणि खरोखरच कापलं. मिशीचं डावं टोक गेलं. काकांनी आरसा मागितला. बराच वेळ बघितलं. मग उजवं टोकही तेवढंच उडवायला सांगितलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे शिव्या दिल्या नाहीत. मला करमेना. खोटं नाही सांगत, त्या आठवड्यात मी मुद्दाम पाणी जास्त गरम केलं, म्हणजे निदान ओरडतील.

असं करता करता नाताळ जवळ आला. एके दिवशी सकाळी काकांना आंघोळ घालून मी दारात उन्हात खुर्चीवर बसवलं होतं. नखं काढून झाली होती. ते पेंगत होते. मी मोरीत त्यांचं भांडं घासत होतो आणि गात होतो. पाळकसाहेबांची शटल उशिरा आल्यावर आम्ही गायचो त्यातलंच एक नाताळचं गाणं, चांगल्या मोठ्या आवाजात.

मावशी भिंतीपलीकडून म्हणाली, “काय रं, लगीन ठरलं का तुजं?”

मी गाणं थांबवलं. तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मला एकदाही राग आलेला नाही. कुणाचाही नाही. कारखान्याचा नाही, सरकारचा नाही, आईचाही नाही. एका म्हाताऱ्याचं शौचाचं भांडं हातात घेऊन मी आनंदात होतो. मी घाबरलो.

या आनंदाचं मी विश्लेषण केलं. ही गुलामगिरीची सवय तर नाही? मालकवर्गाने धर्मातून आपल्या रक्तात भिनवलेली? की हा नुसता अहंकार, मी किती चांगला याचा? दोन्ही शक्य होतं. पण गाण्याच्या वेळी माझ्या डोक्यात मालकवर्ग नव्हता आणि मीही नव्हतो. भांड्याच्या कडेला एक डाग होता आणि तो निघत होता, एवढंच होतं. रविवारी मी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं.

“साहेब, मला बरं वाटतंय.”

“मग?”

“फिटरकाकांचं करताना. काहीतरी चुकतंय माझं.”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “प्रभूनं पाय धुतले तेव्हा तोंड वाकडं करून धुतले असतील असं वाटतं का तुला?”

“तसं नाही, पण...”

“मग करत राहा. आणि लगेच यावर पत्रक काढू नकोस.”

नाताळ झाला. जानेवारीत निरोप आला की बहीण शनिवारी येते आहे. नगरहून एसटीने मुंबई, तिथून गाडी. म्हणजे बोईसरला पोचायला संध्याकाळ होणार, असा हिशेब आम्हीच केला. तिला कुणी विचारलं नाही.

इथे माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. मला मोर्चा दिसायला लागला. बाई दारात येतात तर काय, अख्खी मंडळी खोलीभोवती उभी! महिला मंडळ, तरुण संघ, कारखान्यातले जुने सोबती. त्या गर्दीतून म्हाताऱ्याला न्यायची कुणाची छाती होणार? मी घरोघर फिरून सांगितलं: शनिवारी संध्याकाळी एकाही माणसाने कामावर असता कामा नये. पाळी बदलून घ्या, पण हजर राहा. शिवाय पत्रक हवंच. मी रात्री स्टेन्सिल कापलं आणि शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने पालघरला गेलो. तिथे एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत पत्रकांच्या प्रती काढायचं सायक्लोस्टाइलचं मशीन होतं. मशीनची शाई गळत होती, कोपरापर्यंत काळा झालो, पण पत्रक छान निघालं.

सकाळची पाळी माझी होती. ती मी तारेच्या कारखान्यातल्या, मंडळीतल्याच एका भावाला दिली होती. तो बिचारा एरवी दुसऱ्या पाळीला असतो, म्हणजे सकाळी मोकळा. पण मीच सगळ्यांना संध्याकाळी बोलावलेलं. तेव्हा त्याने संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून कारखान्यात बदली घेतली आणि सकाळी कामावर गेला. काकांची सकाळ त्याने गिरणीतल्या दुसऱ्या एकाला सांगितली. त्या दुसऱ्यानेही संध्याकाळसाठी बदली घेतलेली. त्याने तिसऱ्याला सांगितलं. आणि तिसरा म्हणाला, “सकाळी काय, पुढारी असतोच.” रात्री झोपायला गेलेला माणूस नेहमीप्रमाणे भोंग्याबरोबर दार ओढून निघून गेला. मावशी केळव्याला भाचीच्या हळदीला गेली होती. संध्याकाळी झाडून सगळे येणार होते. सकाळी खोलीत कुणीच नव्हतं.

दुपारी बोईसर स्टेशनवरून सायकलवर गठ्ठा बांधून मी थेट काकांकडे आलो. बाहेर पायरीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. पांढरं पातळ, मांडीवर पिशवी, नाक अगदी काकांचं.

“सलाम, आत्या,” मी म्हणालो. “तुम्ही तर संध्याकाळी येणार होता ना?” जणू चूक त्यांची.

“रात्रीची गाडी धरली, सकाळच्या शटलनं उतरले.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तूच का तो पुढारी?”

“हो. आत बसा ना. बाहेर का बसलात?”

“भाऊ आत घेत नाही.”

“का?”

“ओला आहे,” त्या म्हणाल्या.

मी सायकल भिंतीला टेकवली.

“दार उघडून आत गेले तर ओरडला, भाईर हो म्हणून. म्हटलं, अरे मी करते. आईचं सगळं मीच केलं की. तर म्हणतो, बहिणीच्या हातानं नको. ह्याला लाज वाटते माझी. लहानपणी ह्याची लंगोटी मी धुतलेली. आणि सकाळपासून एकच घोकतोय, त्यो पुढारी येईल, त्यो पुढारी येईल. चहासुद्धा घेतला नाही.”

बोलता बोलता त्यांचा हात सायकलवरच्या गठ्ठ्याकडे गेला. वरचा कागद त्यांनी ओढून काढला आणि चष्मा लावून, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचला: “वृद्ध कामगारांना त्यांच्या कर्मभूमीतून हद्दपार करू पाहणाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध.” चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ही प्रवृत्ती कोण?”

“म्हणजे एकूण समाजात जी एक...”

“मी का?”

आतून आवाज आला, “तूच, आक्का! आता सोड त्याला आत!”

आत गेलो. मला वाटलं होतं आल्या आल्या शिव्यांचा मारा होईल. काका गप्प होते. भिंतीकडे तोंड, चांगला हात चादरीवर घट्ट. खोलीत वास होता. इतक्या दिवसांत मी त्यांना ओरडताना पाहिलं होतं, थुंकताना पाहिलं होतं, एकदा बायकोच्या आठवणीने रडतानाही. असे लपलेले कधी पाहिले नव्हते.

“पाणी ठेव,” ते म्हणाले.

“ठेवतो.”

“कोमट.”

स्टोव्ह एका काडीत पेटला. मी चादर काढली, त्यांना कुशीवर घेतलं, पुसलं. हात आपोआप चालत होते. मग खुर्चीवर बसवलं. आता मला त्यांना उचलता यायचं, म्हणजे निदान त्यांच्यावर पडत नव्हतो. पाठीवर पाणी घातलं तसे ते बोलले.

“सगळ्यांना संध्याकाळी बोलावलंस म्हणं.”

“हो.”

“मला काय संध्याकाळचीच लागती का रं?”

मी साबण लावत राहिलो.

“आता आक्का नेणार,” ते म्हणाले. “तिनं बघितलं. आता काय बोलायचं तिला?”

“मी बोलतो.”

“तू नको. तू बोललास की लोक उलटं करत्यात.” मग एकदम, “अय मुडद्या, पाणी! पाणी ओत की! साबण वाळला पाठीवर! काय निषेध करतोस का उभा राहून?”

शिवी ऐकली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पाणी ओतलं. ते ओरडले, गरम आहे. मी म्हणालो, कोमटच आहे, तुम्हीच गार पडलाय. ते म्हणाले, तुझ्या बापाला घाल असली आंघोळ. मी म्हणालो, बाप स्वतःची स्वतः करतो, तुमच्यासारखा राजा नाही तो. आणि सांगायला नको, पण सांगतो: ज्या दुपारी सगळं माझ्यामुळे बिघडलं होतं, त्या दुपारी त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्यांच्या बोटांच्या फटी पुसताना मला तोच आनंद झाला. मी तो कमावला नव्हता. यायला नको होता, अशा वेळी आला. मी पाय पुसत राहिलो.

सदरा घातला, लुळा हात आधी. दार उघडलं. आत्या आत आल्या, भावाची मान उशीवर नीट करायला वाकल्या आणि सदऱ्याची कॉलर मागे ओढून बघू लागल्या.

“हे पाठीवर काय छापलंय?”

माझे हात. शाईचे हात मी धुतलेच नव्हते. काकांच्या स्वच्छ पाठीवर, खांद्यावर, दंडावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते, काही ठिकाणी तर पूर्ण पंजा. आत्या बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खाटेची कड धरून हसल्या. “काय झालं? काय हाय पाठीवर?” काका ओरडत होते. तेवढं एकच माझं पत्रक असेल, जे कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत लक्ष देऊन वाचलं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सगळे आले. चाळीचा बोळ भरला. डब्यांतून करंज्या आल्या, केक आला, पाळकसाहेब आले. सकाळचा घोटाळा एव्हाना सगळ्यांना कळला होता, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे उभा राहायला बघत होता. मी भाषण खिशातच ठेवलं. पाळकसाहेब म्हणाले, “बाई, आज आमच्याकडून कसूर झाली. तुम्ही म्हणाल तसं.”

काकांनी डोळे मिटून घेतले होते. चांगल्या हाताची बोटं चादर चुरगळत होती.

आत्या उभ्या राहिल्या. “मी ह्याला न्यायचं ठरवूनच आले होते,” त्या म्हणाल्या. “सकाळी दार उघडलं तेव्हा तर पक्कंच केलं. माझ्याकडे जागा आहे, अंगणात ऊन आहे, जेवण माझ्या हातचं. पण पायरीवर बसून विचार केला. तिथं ह्याला आंघोळ कोण घालणार? मला हात लावू देत नाही. गडी ठेवला तर हा शिव्या देणार आणि गडी पळणार.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “हा पळत नाही.”

“पळून जाणार कुठं? नोकरीच न्हाई त्याला,” काका डोळे न उघडता म्हणाले.

बोळात हशा पिकला. मीही हसलो. दुसरं काय करणार.

“तेव्हा राहू दे त्याला इथं,” आत्या म्हणाल्या. “पण ऐका. संध्याकाळी एवढे सगळे नाही आलात तरी चालेल. सकाळी एकजण या.”

काकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं. ते पुसायला त्यांना हात उचलायचा नव्हता आणि आम्हा कुणाला ते दिसल्याचं दाखवायचं नव्हतं, म्हणून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी त्यांनी चांगली लांब केली.

आत्या रविवारची उपासना करून परत गेल्या. त्यांना बोईसर स्टेशनवर सोडायला मी गेलो. गाडी दिसली तेव्हा पिशवी माझ्याकडून घेत म्हणाल्या, “रोज थोडं चिडवत जा त्याला. चिडला की उजवा हात हलवायला बघतो. मी बघितलंय.”

“हो, आत्या.”

“आणि हात धुऊन.”

मी परत आलो तेव्हा काका दाराकडेच बघत होते.

“गेली?”

“गेल्या.”

“रडली का?”

“नाही.”

“खोटारड्या,” काका म्हणाले. “कागदावरही असंच लिहीत असशील.”

मी त्यांना खरं सांगितलं. गाडी हलल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता आणि खिडकीतून हात हलवायचाही विसरल्या होत्या. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले की त्यांना उन्हात बसायचंय, आणि मी त्यांच्या काखेत हात घातले.